रोह्याहून आणलेला पट्टा

वस्तरा मी आयुष्यात कधी हातात धरलेला नाही. माझ्या हाती विळी दिली तर भाजीआधी बोट चिरतं, म्हणून घरात मला लसूण सोलण्यापलीकडे बढती मिळालेली नाही. तरीही खाडीकडच्या एका गावात, भर मांडवात, नवरदेवाच्या हनुवटीतून रक्त काढलं ते मीच. त्या मांडवातली माणसं शपथेवर सांगतील की मी तेव्हा चांगला दहा हात लांब बसून सरबत पीत होतो. तेही खरं आहे.

तेव्हा मी पेणला कचेरीत कारकून होतो. रामवाडीला हमरस्त्याच्या कडेला चिंचेखाली काकांची खुर्ची असे. काका म्हणजे नात्यातले कोणी नव्हेत, आमचे दाढी करणारे. सारी रामवाडीच त्यांना काका म्हणायची. एक लाकडी खुर्ची, झाडाला बांधलेला आरसा, हत्यारांची धोकटी, आणि खुर्चीच्या पाठीला खिळ्यावर टांगलेला चामड्याचा पट्टा. दुकान एवढंच. वस्तरा त्या पट्ट्यावर पाठ टेकवून ओढायचा, टोकाला गेला की पाठीवरच उलटा करायचा आणि परत आणायचा. याला ते पलाटणं म्हणत. आमच्यासारख्या सावलीत बसणाऱ्यांची दाढी म्हणजे त्यांच्या मते लोणी. खरी परीक्षा मिठागरावरून येणाऱ्यांची. आठ आठ दिवस खाऱ्या वाऱ्यात उभं राहून त्यांच्या दाढीचा काथ्या झालेला असायचा आणि मुळाशी मीठ. असल्या एका दाढीत वस्तऱ्याची धार मरते. मग काका मध्येच थांबून पुन्हा पलाटायचे, तेव्हा कुठे दुसरा गाल व्हायचा.

दाढी नसली तरी मी तिथे जाऊन बसायचो, कारण मला बोलायला माणसं लागतात. काका ऐकून घ्यायचे. मी उठलो की गिऱ्हाइकाला सांगायचे, भाऊसाहेबांची गोष्ट चार आण्यांची, त्यातला एक आणा खरा. माझ्या ते कानावर आलं होतं. मी त्याचा अभिमानही बाळगून होतो.

काकांचा अभिमान मात्र खऱ्या कामाचा होता. खाडीकडच्या पाच-सहा गावांत लग्न निघालं की हळदीच्या सकाळी नवऱ्याची दाढी करायला त्यांना बोलावणं यायचं. नवऱ्याला चौरंगावर बसवायचा, बाया गाणी म्हणतायत, आणि काका वस्तरा चालवतायत. आजवर त्यांच्या हातून एकाही नवऱ्याच्या अंगातून रक्ताचा थेंब निघाला नव्हता. हळदीच्या दिवशी थेंब निघणं चांगलं नव्हे, असं ती गावं मानतात.

एका दिवाळीच्या आधी त्यांचा पट्टा मधोमध फाटला. वडिलांच्या वेळचा होता. मी पाडव्याला सासुरवाडीला, रोह्याला जाणार हे त्यांना ठाऊक होतं. रोह्याच्या बाजारामागे एक म्हातारे चामड्याचं काम करायचे आणि आसपासच्या सगळ्या तालुक्यांतले कारागीर पट्टा त्यांच्याकडूनच न्यायचे. काका म्हणाले, “स्वस्तातला आणा भाऊसाहेब, पण बरा आणा.”

मग त्यांनी मला बरा कसा ओळखायचा ते शिकवलं. दुमडून बघायचा, भेग पडता कामा नये. नखाने ओरखडायचा, रंग उठता कामा नये. तळहात फिरवला तर किंचित धरल्यासारखा वाटला पाहिजे, काचेसारखा सुळकन जाणारा नको. आणि दिसायला देखणा असेल तर दोनदा बघायचा. मी मान हलवत होतो. मान हलवताना माझं डोकं रिकामं असतं, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. काकांना कोणी सांगितलं नव्हतं.

रोह्याला मी त्या म्हाताऱ्यांकडे गेलो, हे आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढे माझ्या बाजूने सांगण्यासारखं दुसरं काही नाही. त्यांनी जावईबापू म्हणून मला पाटावर बसवलं आणि एक पट्टा काढला. म्हशीच्या कातड्याचा, काळपट, जाड. जनावराला कधी काटेरी तार लागली असावी तिचा वण त्यावर तसाच. एरंडेलात मुरलेला होता, त्याचा वास असा की मी श्वास आखडता घेतला. म्हातारे म्हणाले, दिसायला असाच असतो, हा वीस वर्षं जाईल. किंमतही वाजवी होती.

पण माझ्या पिशवीत सासूबाईंनी दिलेले पोहे होते. रोह्याचे पोहे, पातळ, पाच शेर. त्या पोह्यांच्या मांडीला मांडी लावून हा एरंडेलाचा ऐवज पेणपर्यंत बसणार, हे माझ्या जिवाला पटेना. उद्या येतो, असं म्हणून उठलो. आणि एस.टी. स्टँडाबाहेर कंबरपट्टे, पाकिटं विकणाऱ्याच्या फळीवर तो दिसला. लालभडक, गुळगुळीत, टोकाला पितळी कडी. वास नवीन पुस्तकासारखा. म्हाताऱ्यांच्या पट्ट्याहून स्वस्तसुद्धा. मी दुमडला नाही, नख लावलं नाही. देखणा होता म्हणून दोनदा बघितला तेवढा, आणि घेतला.

गाडीने निडी गाव सोडलं तोवर माझी गोष्ट तयार झाली होती.

काकांनी पट्टा हातात घेतला. अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला. जरा निसरडा वाटतो, म्हणाले.

“हा त्यांनीच निवडला?” त्यांनी विचारलं.

“त्यांनीच,” मी म्हणालो. “म्हणाले, नवीन पद्धतीचा आहे, महिनाभर हाताला येऊ द्या.”

फळीवरून घेतला एवढं सांगितलं असतं, तर काकांनी तो तिथल्या तिथे कुत्र्याच्या गळ्यात बांधला असता आणि आम्ही दोघे हसलो असतो. पण मी रोह्याच्या म्हाताऱ्यांचं नाव पुढे केलं. त्या माणसाचा शब्द काकांच्या अंगठ्यापेक्षा मोठा ठरला. काकांनी पट्टा खिळ्याला टांगला.

महिना गेला, पट्टा हाताला येईना. वस्तरा त्यावरून घसरायचा, पण धार काही बसायची नाही. मिठागरावरची माणसं खुर्चीत आवंढा गिळायला लागली. एक जण म्हणाला, काका, आज दाढी करताव का उपटताव? सगळे हसले, काकाही हसले. गिऱ्हाईक उठून गेल्यावर मात्र त्यांनी उजवा हात उजेडात धरला आणि बोटं ताणून बघत राहिले, थरथरतात का ते. मी बाकावर बसलो होतो. तेव्हा तरी बोलायचं. मी विषय काढला तो गावात आलेल्या नव्या सिनेमाच्या तंबूचा.

माणसाने चूक करून गप्प बसावं. मी गप्प बसणाऱ्यातला नाही. मी दुरुस्ती करायला निघालो. काकांनीच कधी तरी सांगितलं होतं की साहेब लोकांच्या पट्ट्याला एक लेप लावतात, त्याने वस्तऱ्याला पाणी चढतं. पेणमध्ये राहणाऱ्या माणसाला लेप म्हटला की एकच गोष्ट सुचते. आमच्या शेजारी गणपतींचा कारखाना. शाडूची माती तिथे पोत्यांनी पडलेली, आणि सुकलेली शाडू हाताला किती मऊ लागते हे पेणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी ओंजळभर आणली, बायकोच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळली, पुडी बांधली. एका सकाळी काका चहाला समोर गेले तसा मी ती पट्ट्यावर चोळली आणि वरचं पांढरं रुमालाने पुसून टाकलं. पट्टा हाताला झकास लागत होता. मूर्तीवर मऊ लागणाऱ्या मातीत रेतीचे कण असतात आणि फडक्याला ते अडत नाहीत, ही अक्कल मला नंतर आली. चार दिवसांत मी वस्तऱ्याच्या धारेची करवत केली. काकांना दिसायचं नाही, नजर अधू झाली होती. त्यांना फक्त हाताला लागायचं. आणि हातावरचा त्यांचा विश्वास मी आधीच ढिला केलेला होता.

माघात खाडीकडच्या त्या गावात लग्न निघालं. नवऱ्याच्या बापाचं जमिनीचं काम कचेरीत माझ्या टेबलावरून गेलं होतं, म्हणून मलाही हळदीचं बोलावणं. काका सकाळीच गेले होते. मी पोचलो तेव्हा नवरा चौरंगावर बसला होता, तोंडाला फेस, बाया भोवती उभ्या राहून गाणं म्हणत होत्या. मला सरबत दिलं. काकांनी एक गाल केला. हनुवटीशी वस्तरा आला आणि अडखळला. फेसात लाल रेघ उमटली, आणि गाणं थांबलं.

काकांनी तुरटी दाबून धरली. ती जरा वेळ धरावी लागली. मागून एक म्हातारी हळूच बोलली, “नवऱ्याचा रगत सांडला गो.” तिला कोणीतरी गप्प केलं. बायांनी गाणं पुन्हा उचललं. नवऱ्याच्या बापाने काकांना मान म्हणून नारळ, तांदूळ, टॉवेल, सगळं रीतीप्रमाणे दिलं, एक शब्द वाकडा बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. सरबताचा पेला माझ्या हातात होता आणि तो कुठे ठेवावा ते मला सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिंचेखाली खुर्ची नव्हती. आठवडा झाला तरी नव्हती. चहावाला म्हणाला, काकांनी काम सोडलं. हात गेला म्हणतात.

मी कचेरीला दुसऱ्या रस्त्याने जायला लागलो. दाढी वाढली. साहेबांनी विचारलं, घरी काही अशुभ झालं का. मग पात्याचं यंत्र आणून स्वतःच दाढी केली आणि तीन ठिकाणी कापून घेतलं. बायकोने कापूस चिकटवता चिकटवता सगळं काढून घेतलं. तिला वकील करायला हवं होतं. सगळं ऐकून ती रागावली नाही. म्हणाली, “पोह्यांना वास लागला असता तर लागला असता. पोहे आपण धुऊनच घेतो ना?”

एवढं साधं उत्तर तीन महिने माझ्याच स्वयंपाकघरात होतं.

पुढच्या रविवारी रोहा गाठलं. तो वण असलेला पट्टा कधीच विकला गेला होता. म्हाताऱ्यांनी मला ओळखलं. त्या दिवशी उद्या येतो म्हणालात, असं ते म्हणाले, आणि मी आलो नाही याचा अर्थ ते समजले होते. स्टँडावरचा लाल घेतलात का, एवढंच विचारलं. दुसरा पट्टा दाखवला, तितकाच काळा, तितकाच वासाचा. या वेळी मी दुमडला, नख लावलं, तळहात फिरवला. वास मुद्दाम छातीभर घेतला, प्रायश्चित्त म्हणून. परतीच्या गाडीत पट्टा मांडीवर घेऊन बसलो. शेजारचा माणूस नागोठण्याला उठून मागच्या बाकावर गेला.

काका घरी ओटीवर बसले होते. मी सगळं सांगितलं. फळी, पितळी कडी, रोह्याच्या म्हाताऱ्यांचं खोटंच घेतलेलं नाव, शाडू. काहीच लपवलं नाही, उलट जरा सजवूनच सांगितलं असेन, सवयच तशी. काकांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि हसले. म्हणाले, “भाऊसाहेब, गोष्ट चांगली हाय. मना बरं वाटावं म्हणून एवढी रचलीत. पण हात माजा हाय, मना कलतो.”

मी खरं बोललो आणि ते एका आण्यातसुद्धा धरलं गेलं नाही. मी आत जाऊन लाल पट्टा मागून आणला, त्यांच्यासमोर नखाने ओरबाडला. लाल रंगाची साल निघाली. खाली कापड. शिवणीत पांढरी माती दडून बसलेली होती, ती मी तळहातावर झटकून दाखवली. काकांनी चिमटीत घेऊन चोळली. मग वस्तरा काढला, धार नखावर हळूच टेकवून ओढली. नखाला दाते लागले.

त्यांनी वस्तरा मिटून मांडीवर ठेवला.

“तीन महिने मी माज्या हाताला शिव्या घातल्या,” ते म्हणाले. “झोपताना घातल्या, उठताना घातल्या. तुमी समोर बाकावर बसला होताव.”

मी म्हणालो, हो.

त्यांनी दगड भिजवला आणि वस्तरा घासला. वेळ लागला. मग नवा पट्टा खुंटीला अडकवून पलाटायला लागले. आवाज वेगळाच होता, जाड, भरल्यासारखा. मला समोर बसवलं. साबण लावला. वस्तरा गालाला लागण्याआधी हवेत थांबला, आणि मला दिसलं की त्यांचा हात आता खरंच थरथरत होता. तो माझ्या पट्ट्याने नव्हे, माझ्या खोट्याने थरथरत होता, आणि त्यावर रोह्यात औषध मिळत नव्हतं. मी डोळे मिटले. वस्तरा गालावरून उतरला तो लागलासुद्धा नाही. यंत्राच्या तिन्ही जखमा त्यांनी वळसा घालून सोडल्या.

तोंड पुसून होताच काका म्हणाले, आता त्या गावात जा. जे मला सांगितलंत ते तिथे सांगा. माझं नाव तिथे गेलं, इथे नाही.

खुर्ची पुन्हा चिंचेखाली आली. मीही गेलो, त्याच आठवड्यात, बांधाबांधाने चालत. दोन्ही बाजूंना मिठाचे ढीग लागले होते. नवऱ्याचा बाप खळ्यात भेटला, त्याने बसायला दिलं, चहा दिला. मी सांगितलं. न सजवता सांगितलं, शब्दाला शब्द मोजून, माझ्या जन्मातली सगळ्यात नीरस गोष्ट. संपल्यावर तो म्हणाला, “काकानी धाडलाय ना तुमाला? वाईट नका मानू. पट्ट्याचा काय घेऊन बसलाव, वय झायला त्याचा. धाकट्याचा लगीन मार्गशीर्षात हाय, तवा दाढीला दुसरा बघू.”

मी आणखी दोनदा सांगितलं. तो आणखी दोनदा हसला, मायेनेच. निघताना पिशवीभर वाल दिले.

काका वाट बघत होते. मी म्हणालो, सांगितलं, पटलं त्यांना.

हे मी का म्हणालो, ते आज इतक्या वर्षांनीही मला नीट सांगता येत नाही. त्यांचा चेहरा समोर होता आणि वाक्य तोंडातून निघून गेलं होतं. रामवाडीची गिऱ्हाइकं हळूहळू परतली, मिठागरवाले परतले, आता दाढी उपटण्याची थट्टाही कोणी करीना. काकांचा हात पूर्वीसारखा झाला, निदान बघणाऱ्याला. धाकट्याचं लग्न मार्गशीर्षात आहे हे मात्र त्यांच्या कानावर आलं होतं.

हळदीच्या त्या सकाळी मी कचेरीला निघालो तर काका धुतलेलं धोतर नेसून, धोकटी बांधून, खुर्चीशेजारी उभे. गिऱ्हाइकांना परत पाठवत होते. बोलावणं येईल, म्हणाले, त्यांच्याकडचा माणूस सायकलवर येतो. मी कचेरीत गेलोच नाही. बाकावर बसलो. हमरस्त्याने ट्रक जात होते. सायकली जात होत्या, एकही थांबत नव्हती. ऊन चिंचेच्या बुंध्यापर्यंत आलं. हळद एव्हाना लागून गेली असणार, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

काकांनी धोकटी सोडली. वस्तरा काढला, पट्टा खिळ्याला टांगला, वीस-पंचवीस वेळा पलाटला. मग मला खुर्चीकडे हात केला. माझी दाढी आदल्याच दिवशी झाली होती. मी जाऊन बसलो. त्यांनी गळ्याभोवती फडकं बांधलं, कुंचला भिजवला.

“तुमी गेला होताव ना तिथं?” त्यांनी विचारलं.

“गेलो होतो.”

“नीट सांगितलंव ना?”

मी तोंड उघडलं, आणि त्यांनी त्याच क्षणी ओठांवरून साबण फिरवला, या गालापासून त्या गालापर्यंत, नेहमीपेक्षा जाड. उत्तर न द्यायला तेवढं मला पुरलं. साबण वाळेपर्यंत मी आरशात बघत बसलो. काकांनी पुन्हा विचारलं नाही.